विमानतळाचे डिजिटल जुळे

डिजिटल ट्विन म्हणजे खऱ्या यंत्रणेचे संगणकातील जुळे. यंत्रांवर बसवलेले सेन्सर तापमान, कंपन, दाब आणि विजेचा वापर सतत मोजतात. त्या नोंदींनुसार संगणकातील प्रतिकृतीही बदलत राहते.

मोठ्या विमानतळावर सामानाचे पट्टे, सरकते जिने आणि वातानुकूलन यंत्रणा जवळपास अहोरात्र चालू असतात. बेअरिंग झिजू लागले की मोटरची कंपने वाढतात. प्रतिकृती ती नेहमीच्या नोंदींशी ताडून पाहते आणि बिघाडाची शक्यता आधीच दाखवते. मग वर्दळ कमी असताना सुटा भाग बदलता येतो.

मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे पावसाळ्यापूर्वीच्या दुरुस्तीसाठी दोन्ही काही तास बंद ठेवाव्या लागतात. अशा ठिकाणी अचानक होणारा बिघाड फार महागात पडतो. डिजिटल ट्विनचा वापर आपल्याकडेही सुरू झाला आहे: हैदराबाद विमानतळाने २०२४ मध्ये त्यावर आधारित नियंत्रण केंद्र सुरू केले.

हे तंत्र फक्त विमानतळांपुरते मर्यादित नाही. उदाहरणार्थ, बीड जिल्ह्यात मोठा विमानतळ नाही. परंतु तेथील परळीच्या औष्णिक वीज केंद्रातील टर्बाइन, पंप आणि कोळशाचे पट्टे यांनाही हेच तत्त्व लागू पडते. मात्र सेन्सरच्या नोंदी अचूक असतील आणि इशारा मिळताच अनुभवी तंत्रज्ञ प्रत्यक्ष तपासणी करतील, तरच हे तंत्र उपयोगी ठरते.