तीन प्रती असूनही डेटा का हरवतो?

२६ सप्टेंबर २०२५ला दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना आग लागली. सरकारी कर्मचारी आपली कामाची कागदपत्रं ज्या ‘जी-ड्राइव्ह’वर ठेवत, तो या आगीत नष्ट झाला. त्यात ८५८ टेराबाइट डेटा होता आणि त्याची प्रत बाहेर कुठेच नव्हती. तंत्रज्ञानात जगाच्या पुढे असलेल्या देशात हे घडलं. आपलेही जमिनीचे उतारे, बँकेचे हिशेब, तपासण्यांचे रिपोर्ट आणि घरच्यांचे फोटो आता अशाच सर्व्हरांवर असतात. त्यामुळे या साठवणुकीबद्दलचे काही पक्के झालेले समज तपासून पाहणं गरजेचं आहे.

गैरसमज १ : क्लाउडवर टाकलं, आता काळजी नाही.

वस्तुस्थिती : क्लाउड म्हणजे कुठल्या तरी गावातली इमारत आणि तिच्यातल्या डिस्का. मुंबई-पुण्याच्या परिसरातही अशा इमारती आहेत. तिथेही आग लागते, वीज जाते, पाणी शिरतं. १० मार्च २०२१ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गमध्ये ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळून गेलं आणि शेजारच्या इमारतीचाही काही भाग जळाला. ज्या ग्राहकांनी बॅकअप त्याच आवारात ठेवला होता, त्यांचा मूळ डेटा आणि बॅकअप एकाच रात्रीत गेला. दुसऱ्या शहरात प्रत ठेवण्याची सोय बहुतेक कंपन्या देतात, पण ती आपोआप मिळतेच असं नाही. ती मागावी लागते आणि तिचे पैसे वेगळे पडतात.

गैरसमज २ : जितक्या जास्त प्रती, तितकी जास्त सुरक्षितता.

वस्तुस्थिती : प्रतींच्या संख्येपेक्षा त्यांचा एकमेकींपासूनचा वेगळेपणा महत्त्वाचा. गूगलने २००३ साली आपल्या फाइल सिस्टिमची रचना जाहीर केली, तेव्हा प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती ठेवण्याची पद्धत सर्वांना कळली. त्याच धर्तीवर आलेली हडूप ही प्रणाली तिन्ही प्रती एकाच रॅकमध्ये, म्हणजे सर्व्हरांच्या एकाच मांडणीत, ठेवत नाही. कारण रॅकचा एक स्विच बिघडला, तर तिथली सगळी यंत्रं एकदम संपर्काबाहेर जातात.

पण वेगवेगळ्या रॅकमध्ये, अगदी वेगवेगळ्या शहरांत प्रती ठेवल्या, तरी त्या सगळ्या एकाच हुकमाने पुसता येत असतील तर त्यांचा उपयोग मर्यादित असतो. मे २०२४मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचं गूगल क्लाउडवरची खासगी व्यवस्था आपोआप पुसली गेली. ती उभारताना एक रकाना रिकामा राहिला होता, त्यामुळे तिला ठरावीक मुदत लागली आणि मुदत संपताच ती हटवली गेली. व्यवस्था दोन ठिकाणी पसरलेली होती, पण हुकूम दोन्हीकडे एकदमच पोहोचला. निधी सावरला तो या व्यवस्थेबाहेर स्वतंत्र ठेवलेल्या बॅकअपमुळे.

हाच फरक आपल्या फोनमध्येही असतो. फोटो क्लाउडशी ‘सिंक’ केलेले असतील, तर फोनमधून काढलेला फोटो बहुतेक वेळा क्लाउडवरूनही जातो. सिंक ताजी स्थिती सगळीकडे पोहोचवतं आणि त्यात आपली चूकही पोहोचते. बॅकअप मात्र कालची स्थिती जपतो.

गैरसमज ३ : डेटा वाचवायचा तर पूर्ण प्रतीच ठेवाव्या लागतात.

वस्तुस्थिती : गणिताने याहून चांगला मार्ग दिला आहे. ७ आणि ५ हे दोन आकडे जपायचे आहेत असं समजा. तिसऱ्या यंत्रावर त्यांची बेरीज, म्हणजे १२, ठेवली की तीनपैकी कुठलंही एक यंत्र बंद पडलं तरी हरवलेला आकडा उरलेल्या दोघांवरून काढता येतो. दोन्ही आकड्यांच्या प्रती ठेवल्या असत्या तर चार जागा लागल्या असत्या. इथे तीनच पुरल्या.

अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६०मध्ये याच विचाराचं फार समर्थ रूप मांडलं. ओरखडे पडलेली सीडी वाजते आणि थोडासा फाटलेला क्यूआर कोड स्कॅन होतो, ते त्यांच्याच पद्धतीमुळे. फेसबुकने मोठ्या साठ्यासाठी ती अशी वापरली : डेटाचे १० भाग आणि त्यांवरून गणिताने काढलेले ४ जादा भाग, असे एकूण १४ भाग वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवायचे. त्यातले कुठलेही १० हाती असले की सगळं परत मिळतं. १०० टेराबाइटच्या तीन प्रतींना ३०० टेराबाइट जागा लागते आणि दोन प्रती गमावणं परवडतं. या पद्धतीत १४० टेराबाइट लागते आणि चार भाग गमावणं परवडतं. याची किंमतही आहे. हरवलेला एक भाग नव्याने बनवायला १० यंत्रांवरून वाचन करावं लागतं आणि नेटवर्कवर ताण येतो. म्हणून सतत लागणाऱ्या डेटाच्या पूर्ण प्रती ठेवतात आणि क्वचित लागणारा डेटा या रीतीने साठवतात.

गैरसमज ४ : डेटाचे तुकडे करून विखुरले की तो गुप्त राहतो.

वस्तुस्थिती : तुकडे करणं ही टिकवण्याची युक्ती आहे, लपवण्याची नाही. वरच्या उदाहरणात पहिल्या यंत्रावर ७ हा आकडा उघडच लिहिलेला आहे. गुप्ततेसाठी डेटा आधी कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट करावा लागतो आणि तोही आपल्या संगणकातून बाहेर पडण्यापूर्वी. टाहो-लाफ्स या मुक्त प्रणालीची रचना तशीच आहे : फाइल वापरणाऱ्याच्या यंत्रावर एन्क्रिप्ट होते, मग तिचे १० भाग होतात आणि त्यातले कुठलेही ३ मिळाले की फाइल परत उभी राहते. ज्यांच्या सर्व्हरवर हे भाग आहेत, त्यांना आत काय आहे ते वाचता येत नाही. त्यामुळे त्यांच्यावर विश्वास टाकण्याची गरज उरत नाही. मात्र किल्ली हरवली, तर दहाच्या दहा भाग शाबूत असूनही फाइल कायमची गेली. किल्लीचाही बॅकअप लागतो, हे भल्याभल्यांच्या लक्षात राहत नाही.

गैरसमज ५ : सेवा बंद पडली म्हणजे डेटा गेला.

वस्तुस्थिती : डेटा टिकणं आणि तो हवा तेव्हा मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २८ फेब्रुवारी २०१७ला ॲमेझॉनच्या एस-थ्री या साठवण सेवेत एका कर्मचाऱ्याने टाइप केलेल्या कमांडमध्ये चूक झाली आणि ठरल्यापेक्षा जास्त सर्व्हर बंद झाले. अमेरिकेतल्या असंख्य वेबसाइट काही तास ठप्प झाल्या, पण साठवलेला डेटा जागेवरच होता. कधी कधी तर व्यवस्था जाणूनबुजून थांबते. यंत्रांमधला संपर्क तुटला, तर जुनं उत्तर द्यायचं की उत्तरच द्यायचं नाही, यातलं एक निवडावं लागतं. एरिक ब्रूअर यांनी २०००मध्ये हे मांडलं आणि २००२मध्ये ते गणिताने सिद्ध झालं. बँकेने शिल्लक चुकीची दाखवण्यापेक्षा थोडा वेळ थांबायला सांगणंच बरं.

गैरसमज ६ : एकदा नीट साठवलं की डेटा तसाच राहतो.

वस्तुस्थिती : डिस्कवरचा एखादा बिट कुठलीही सूचना न देता बदलू शकतो. म्हणून चांगली प्रणाली प्रत्येक तुकड्यासोबत त्याचा पडताळा-अंक जपते आणि ठरावीक काळाने सगळे तुकडे पुन्हा वाचून तो जुळवते. हडूपमध्ये मुळातच दर तीन आठवड्यांनी अशी तपासणी ठरवलेली आहे. खराब तुकडा सापडला, की चांगल्या प्रतीवरून तो पुन्हा बनवतात.

गैरसमज ७ : बॅकअप रोज निघतो, म्हणजे आपण निर्धास्त.

वस्तुस्थिती : जो बॅकअप परत उतरवून पाहिलेला नाही, त्यावर भिस्त ठेवू नये. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याने चुकून मुख्य डेटाबेसच पुसला. मग रोजचा बॅकअप शोधायला गेल्यावर कळलं, की सॉफ्टवेअरची आवृत्ती जुळत नसल्याने तो निघतच नव्हता आणि तशी सूचना देणाऱ्या ई-मेलही कुणापर्यंत पोहोचत नव्हत्या. सुमारे सहा तासांपूर्वी योगायोगाने घेतलेली एक प्रत होती, तिच्यावर बरंचसं परत मिळालं. मधल्या सहा तासांचा डेटा मात्र गेला. कंपनीने हे सगळं लपवून न ठेवता तपशीलवार जाहीर केलं, याबद्दल तिचे आभारच मानायला हवेत.

या सगळ्या घटनांत यंत्रं बिघडली किंवा माणसं चुकली, आणि पुढेही ते होणारच. डेटा वाचला तो जिथे एका चुकीचा हात सगळ्या प्रतींपर्यंत पोहोचत नव्हता तिथेच. घर असो, पतसंस्था असो की ग्रामपंचायत, हिशेब एकच लागू पडतो : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी आणि रोजच्या पासवर्डने पुसता न येणारी. शिवाय दर काही महिन्यांनी एखादी जुनी फाइल त्या प्रतीवरून उतरवून, उघडून पाहायची. ती उघडली, तरच आपल्याकडे बॅकअप आहे असं म्हणता येईल.