किल्ल्यातून कॅमेऱ्याकडे

अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात बंदिवास भोगत असता ज्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ लिहिला, त्या पंडित नेहरूंच्या नावे दिल्या जाणाऱ्या अधिछात्रवृत्तीच्या आधारे चित्रकार अकबर पदमसी यांनी १९६९ मध्ये मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ स्थापून चित्रकारांच्या हाती कॅमेरा देण्याची तजवीज केली. नलिनी मलानी यांची ‘ड्रीम हाउसेस’ (१९६९) आणि पदमसींची, स्वतःच्या रेखाचित्रांना गती देऊन सिद्ध केलेली ‘सिझिजी’ (१९७०) या चित्रफिती ही तेथील फलनिष्पत्ती होय. सांप्रत त्याच नगरच्या नवोदित कलावंतांस २००८ पासून खुल्या असलेल्या ‘पॅड.मा’ या ऑनलाइन दप्तरखान्यातील चित्रफिती, त्यांवरील टिपणांसह, घरबसल्या अभ्यासण्याची मुभा आहे.