ऑडिशन टेप: खर्ज नको, उच्चार हवेत

‘रेडिओसाठी आवाज भारदस्तच लागतो.’ निवेदक व्हायला निघालेल्या जवळजवळ प्रत्येकाला हे कुणीतरी ऐकवतंच. मग टेपमध्ये ओढूनताणून खाली आणलेला गळा, त्यावर चढवलेला घुमारा आणि वाक्याच्या शेवटी गिळलेली क्रियापदं ऐकू येतात. राग येतो तो सल्ला देणाऱ्यांचा, कारण त्या मुलांचा मूळ आवाज बहुतेक वेळा छान असतो.

पुरुषाच्या आवाजाची मूळ कंपनसंख्या साधारण ८५ ते १८० हर्ट्‌झ असते. जुन्या टेलिफोनवरून जेमतेम ३०० ते ३४०० हर्ट्‌झचा पट्टा जायचा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची मानकंही त्याच पट्ट्याची. म्हणजे हा खर्ज तारेतून जातच नव्हता, तरी बोलणं नीट कळायचं. शब्द ओळखू येतात ते मुख्यतः व्यंजनांमुळे, आणि त्यांच्या खुणा वरच्या कंपनसंख्यांत असतात. खर्जावाचून अडत असतं, तर पुणे आकाशवाणीवर सुधा नरवणे प्रादेशिक बातम्या वाचताना लोक थांबून ऐकत राहिले नसते.

माइकला तोंड चिकटवून मिळणारा भारदस्तपणाही गळ्याचा नव्हे. एका दिशेनं आवाज टिपणारे माइक जवळून बोललं की खालच्या कंपनसंख्या फुगवतात. शिवाय ‘प’, ‘फ’, ‘भ’चे फटके बसतात ते वेगळेच. वीतभर अंतर ठेवा, माइक तोंडासमोरून किंचित बाजूला घ्या.

मेहनत घ्यायची ती उच्चारांवर. ‘चंद्र’ आणि ‘चांदणं’ यांतले दोन ‘च’ वेगळे ऐकू यायला हवेत. ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ होता कामा नये. बातमीतलं परगावचं नाव आधी विचारून घ्या. श्वास कुठे घ्यायचा, त्याच्या खुणा कागदावर करा.

महागडा माइक लागतो? नाही; गोधड्या आणि कपड्यांनी भरलेल्या खोलीत साधा माइकही चांगलं काम देतो, आणि रिकाम्या खोलीचा घुमारा नंतर धड काढता येत नाही. पातळी मोठी ठेवली की आवाज दमदार येतो? मर्यादेपलीकडे गेलेला आवाज चिरफाळतो. शिखरं उणे ६ डेसिबलच्या आत ठेवा. पार्श्वसंगीत? अजिबात नको, ऐकणाऱ्याला तुम्ही हवे आहात. लांबलचक टेप? सूचना वेगळी नसेल तर दोन-तीन मिनिटं पुरे, आणि सर्वांत चांगलं वाचन पहिलं. नामवंत निवेदकाची नक्कल मात्र टेपमध्ये घालूच नका; त्या जागी आपल्या गावातल्या एखाद्या घडामोडीची बातमी स्वतः लिहून वाचा.