जुनी मोटार : ताबा मिळाला, मालकी मिळाली का?

इतिहासात एक मोठा गमतीदार सौदा नोंदलेला आहे. शहाजीराजांच्या जहागिरीचे बेंगळूर पुढे त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे यांच्याकडे आले. तंजावरला बस्तान बसल्यावर दूरचे बेंगळूर सांभाळणे त्यांना अवघड वाटू लागले आणि मैसूरच्या चिक्कदेवराय वोडेयारांना ते तीन लाखांना देण्याचे ठरले. परंतु १६८७ मध्ये सौदा पुरा होण्याआधीच मोगल सरदार कासीम खानाने शहर काबीज केले. अखेर तितक्याच रकमेला ते मैसूरकरांकडे गेले. पण व्यंकोजीराजांकडून नव्हे, तर मोगलांकडून! बोलणी एकाशी, ताबा दुसऱ्याकडे आणि पैसेही त्या दुसऱ्यालाच, असा हा प्रकार होता.

त्याच बेंगळूरच्या दक्षिण टोकाला, आनेकल तालुक्यात, आज जुन्या मोटारींचे असंख्य सौदे होत असतात. रक्कम तीन लाखांच्याच आसपास असते आणि फसगतही बरेचदा त्याच जातीची असते. मोटार दारात येते, किल्ली हातात पडते, पेढेही वाटले जातात. मालकी मात्र कागदोपत्री दुसऱ्याचीच राहते. म्हणूनच या व्यवहाराकडे थोडे बारकाईने पाहणे अगत्याचे ठरते.

गरज कोठून येते?

बोम्मसंद्र, जिगणी आणि अत्तिबेले या औद्योगिक वसाहती आनेकल तालुक्यात येतात. इलेक्ट्रॉनिक्स सिटीही हाकेच्या अंतरावर आहे. नोकरीच्या निमित्ताने या पट्ट्यात येऊन स्थिरावलेल्यांत मराठी कुटुंबेही आहेत. १० ऑगस्ट २०२५ रोजी मेट्रोची पिवळी मार्गिका बोम्मसंद्रपर्यंत सुरू झाली आणि सुमारे १९ किलोमीटरचा, १६ स्थानकांचा हा मार्ग शहरात जाणाऱ्यांना मोठाच दिलासा ठरला. तथापि, मेट्रो बोम्मसंद्रला थांबते. आनेकल गाव तेथून आणखी आत आहे. रात्रपाळी, वृद्ध आईवडिलांचे दवाखाने आणि सणासुदीला गावाकडचा प्रवास यांसाठी चारचाकीची निकड राहतेच. नव्या मोटारीचा हप्ता झेपत नाही आणि दुचाकीवर चौघे मावत नाहीत, अशा वेळी नजर वळते ती दहा-बारा वर्षे वापरलेल्या, डिकी असलेल्या साध्या सेडानकडे.

उदाहरणादाखल असे एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. पती बोम्मसंद्रच्या कारखान्यात पर्यवेक्षक, पत्नी शाळेत शिक्षिका, दोन मुले आणि सांगलीहून राहायला आलेले आईवडील. पुण्यातील चुलतभाऊ नवी मोटार घेत आहे आणि आपली जुनी सेडान ‘घरातच राहू दे’ म्हणून तीन लाखांना देऊ करतो. आनेकलच्या बाजारात तशीच मोटार चाळीस-पन्नास हजारांनी महाग सांगतात. व्यवहार घरचा, माणूस विश्वासाचा, किंमतही कमी. मग अडचण कोठे आहे? ती पुढे पाहूच, आधी मोटारीविषयी.

मोटारीची निवड

स्वस्त सेडानचा आपल्याकडील इतिहास करप्रणालीशी जोडलेला आहे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. त्यामुळे डिकी आखूड करून मोटार चार मीटरांत बसविण्याची चढाओढ सुरू झाली. २००८ मध्ये टाटांची इंडिगो सीएस त्याच हिशेबाने आली. मारुतीची डिझायर २००८ मध्ये लांब होती, ती २०१२ मध्ये आखूड झाली. याउलट नाशिकला तयार झालेली महिंद्र-रेनॉची लोगन आणि बेंगळूरजवळ बिडदीला तयार झालेली टोयोटाची इटिऑस या मोटारी चार मीटरांहून लांब राहिल्या. म्हाताऱ्या माणसांना चढउतार सोपी, मागे तिघांना ऐसपैस जागा आणि भरपूर सामान नेणारी डिकी, हे त्यांचे गुण जुन्या बाजारात आजही मोलाचे ठरतात.

मात्र २००७ मध्ये आलेली लोगन पुढे व्हेरिटो या नावाने विकली गेली आणि नंतर बंद झाली. इटिऑसचे उत्पादनही २०२० मध्ये थांबले. उत्पादन थांबलेली मोटार घेण्यात गैर काही नाही, परंतु तिचे सुटे भाग कोठे मिळतात याची चौकशी सौद्याआधी व्हावी. बेंगळूरच्या जे. सी. रोडवरील दुकानांत अशा भागांची विचारपूस अर्ध्या दिवसात होते.

पेट्रोल की डिझेल, हा प्रश्नही नव्याने तपासावा. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाल्यापासून पूर्वीइतकी तफावत राहिलेली नाही. रोजचा प्रवास पंधरा-वीस किलोमीटरचा असेल, तर जुन्या डिझेल इंजिनाचा दुरुस्तीखर्च इंधनातील बचत सहज गिळून टाकतो.

पारख कशी करावी?

मोटार नेहमी दिवसाउजेडी आणि इंजिन थंड असताना पाहावी. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन आपले दोष लपविते. सुरू करताना निळसर धूर आला, तर इंजिन ऑईल खात आहे असे समजावे. ऑईलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली, तर ऑईलमध्ये पाणी मिसळत असल्याची शंका घ्यावी. काही इंजिनांत, उदाहरणार्थ लोगनच्या डिझेल इंजिनात, टायमिंग बेल्ट असतो. तो ठराविक मुदतीने बदलावा लागतो. धावत्या मोटारीत तुटला, तर इंजिनच उघडावे लागते. तो केव्हा बदलला याची पावती मागावी. पावती नसेल, तर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करावा.

किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नये. स्टिअरिंगची झीज, पेडलचे झिजलेले रबर आणि चालकाच्या आसनाचा बसका भाग हे अधिक खरे बोलतात. टायरच्या कडेवरील चार आकडी संख्येत तो तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष असते. इटिऑस, डिझायर आणि इंडिगो या मोटारी टॅक्सी म्हणून फार चालल्या. पिवळ्या पाटीची मोटार रीतसर खासगी करून घेता येते. पण ती टॅक्सी होती हे ग्राहकाला कळलेच पाहिजे आणि किमतीत दिसलेच पाहिजे. परक्या नव्हे, आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला सोबत नेऊन त्याला त्याची फी द्यावी. हजार-दोन हजारांचा हा खर्च साऱ्या व्यवहारातील सर्वांत फायद्याचा ठरतो.

स्वस्त मोटारीचा महाग कर

आता पुण्याच्या चुलतभावाकडे वळू. मोटार महाराष्ट्रात नोंदलेली आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवलेल्या वाहनाला तेथील नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी आधी पुण्याच्या परिवहन कार्यालयातून नमुना २८ वर ना-हरकत प्रमाणपत्र, मग कर्नाटकात नमुना २७ वर नव्या क्रमांकाचा अर्ज, मालकीबदलासाठी नमुना २९ व ३०, आणि मोटारीची प्रत्यक्ष तपासणी, असा क्रम असतो. आनेकलकरांसाठी हे काम चंदापुरच्या कार्यालयात होते. ‘केए ५९’ ही त्याची ओळख.

या साऱ्यांत खिशाला लागणारी बाब म्हणजे कर्नाटकाचा आजीवन कर. हा कर देशातील चढ्या करांपैकी एक आहे. तो सौद्याच्या किमतीवर नव्हे, तर मोटारीची मूळ किंमत आणि तिचे वय पाहून आकारला जातो. महाराष्ट्रात भरलेल्या एकरकमी कराचा काही परतावा मागता येतो. पण मोटार जितकी जुनी तितका तो थोडा. म्हणजे पुण्यात वाचलेले चाळीस हजार चंदापुरात भरावे लागण्याचा संभव असतो. म्हणून सौदा ठरण्यापूर्वीच मोटारीचे कागद नेऊन कराचा आकडा विचारून घ्यावा. मोटारीची खरी किंमत म्हणजे विक्रेत्याने सांगितलेली रक्कम नव्हे. ती अधिक कर, अधिक दुरुस्ती, अधिक विमा, ही बेरीज होय.

विक्रेत्याचीही मान अडकते

‘घरचाच व्यवहार, नाव पुढे बदलू,’ हे वाक्य सर्वांत धोक्याचे. मालकीबदलाची सूचना विक्रेत्याने राज्यांतर्गत व्यवहारात चौदा दिवसांत द्यावयाची असते. मोटार परराज्यात जात असेल, तर त्याला पंचेचाळीस दिवसांची मुदत असते. खरेदीदाराने तीस दिवसांत कळवावयाचे असते. हा केवळ सोपस्कार नाही. २००७ मध्ये विकली गेलेली आणि पुढे हातोहात गेलेली एक मोटार २००९ मध्ये अपघातग्रस्त झाली, तेव्हा पुस्तकात नाव मूळ मालकाचेच होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात निर्वाळा दिला, की नोंदणी ज्याच्या नावे, कायद्याच्या दृष्टीने मालक तोच आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. मोटार विकून दोन वर्षे झाली, हे उत्तर चालले नाही. चुलतभावावर असा प्रसंग आणायचा नसेल, तर नावबदल हेच नात्याचे खरे जतन होय.

विक्रेत्याने मोटारीवर पूर्वी कर्ज घेतले असेल, तर आणखी एक गोष्ट तपासावी. कर्ज फिटले म्हणजे पुस्तकातील बँकेचा बोजा आपोआप उतरतो असे नाही. बँकेचे पत्र आणि नमुना ३५ दाखल करून ती नोंद रद्द करावी लागते. कित्येक ग्राहक शेवटचा हप्ता भरून हे काम विसरतात आणि विक्रीच्या दिवशी धावपळ करतात.

मोटार दलालाकडून घेतली, तर डिसेंबर २०२२ मध्ये अधिसूचित होऊन एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार त्याच्याकडे परिवहन खात्याचे अधिकृत प्रमाणपत्र आहे की नाही, ते पाहावे. प्रलंबित दंडाची चौकशीही आधीच करावी. नाहीतर हत्ती गेला आणि शेपूट राहिले अशी गत होते.

विमा मोटारीचा, सवलत माणसाची

मालकी बदलली, की त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचे विमासंरक्षण नव्या मालकाकडे आले असे कायदा मानतो. स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचे संरक्षण मात्र तसे आपोआप येत नाही. चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावे करून घ्यावी. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत, जी कमाल ५० टक्क्यांपर्यंत असते, ती मोटारीबरोबर येत नाही. ती विक्रेत्याची असते. म्हणून भावाला कमी हप्ता पडत होता, तेवढाच आपल्याला पडेल असे गृहीत धरू नये.

व्याजाचा दर नीट वाचावा

समजा, तीन लाखांपैकी एक लाख घरचे आणि दोन लाखांचे कर्ज तीन वर्षांसाठी घ्यावयाचे आहे. एक सावकार म्हणतो, ‘फक्त १० टक्के, फ्लॅट.’ बँक म्हणते, ‘१२ टक्के, घटत्या शिलकीवर.’ वरवर पाहता पहिला पर्याय स्वस्त वाटतो. पण हिशेब मांडला की चित्र पालटते. फ्लॅट पद्धतीत दोन लाखांवर तिन्ही वर्षे पूर्ण व्याज लागते, म्हणजे ६०,००० रुपये. हप्ता ७,२२२ रुपये. घटत्या शिलकीवर हप्ता सुमारे ६,६४३ रुपये आणि एकूण व्याज सुमारे ३९,१४३ रुपये. फ्लॅट १० टक्के म्हणजे प्रत्यक्षात घटत्या शिलकीवरील सुमारे १८ टक्के होत! रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी, सर्व आकार धरून, वार्षिक खर्चाची टक्केवारी दाखविणारे मुख्य तथ्य विवरण ग्राहकाला देणे बंधनकारक झाले आहे. सही करण्यापूर्वी तो एकच आकडा पाहावा. जुन्या मोटारीसाठी बँका तिचे वय आणि कर्जाची मुदत यांची बेरीजही पाहतात. कारण मोटार आधी मोडावी आणि हप्ते मागे उरावेत, हे कोणाच्याच हिताचे नाही.

पंधरा वर्षांचा उंबरठा

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून हे नूतनीकरण शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आणि वीस वर्षांवरील मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते १०,००० रुपये करण्यात आले. २०११ ची मोटार २०२६ मध्ये हा उंबरठा ओलांडते. तेव्हा खरेदी करताना केवळ आजची किंमत नव्हे, तर हे वर्षही मोजावे.

टायर, बॅटरी, क्लच आणि सस्पेन्शन हे खर्च जुन्या मोटारीत न सांगता येतात. त्यांसाठी दरमहा दोन हजारांची आवर्ती ठेव उघडली, तर वर्षाकाठी चोवीस हजार मुद्दल हाताशी राहते. दुरुस्ती कमी झाली, तर तीच रक्कम पुढच्या मोटारीची पहिली शिल्लक ठरते.

आपल्या कल्पनेतील कुटुंबाने काय करावे? चुलतभावाची मोटार जरूर घ्यावी. कारण तिचा पूर्वेतिहास ठाऊक आहे आणि जुन्या मोटारीत तेच खरे धन असते. मात्र कराचा आकडा आधी विचारावा, तो धरून किंमत पुन्हा बोलावी, ना-हरकत प्रमाणपत्र हाती आल्यावरच उरलेली रक्कम द्यावी आणि पुस्तकावर नाव चढेपर्यंत सौदा पूर्ण झाला असे मानू नये. चुलतभावालाही यात वाईट वाटण्याचे कारण नाही. त्याचीही सुटका त्यातच आहे.

कन्नड भाषेत ‘आने’ म्हणजे हत्ती. आनेकलच्या अंगणात येणारी जुनी मोटार पांढरा हत्ती ठरेल की कुटुंबाची भरवशाची सोबतीण, हे शोरूमच्या चकचकाटावर नव्हे, तर सौद्याआधी केलेल्या शांत हिशेबावर अवलंबून असते. पेढे वाटावेत, पण ते नवे पुस्तक घरी येईल त्या दिवशी.