अंगणातली विटांची भट्टी: घाई नको, नाहीतर घुमट तडकेल

विटांच्या भट्टीत 400 अंश सेल्सियसच्या आसपास पिझ्झा दीड-दोन मिनिटांत तयार होतो. नानही छान फुलतो. पण साध्या सिमेंटचा जोड एवढी आग सोसत नाही. घुमटाला फायर ब्रिक आणि फायर क्लेचा मसालाच वापरा.

ओट्याचा काँक्रीट स्लॅब किमान 7 दिवस ओला ठेवा. स्लॅब आणि भट्टीच्या तळामध्ये व्हर्मिक्युलाइट-सिमेंटचा 4 इंची थर हवाच, नाहीतर आच ओट्यात उतरते. तोंडाची उंची घुमटाच्या आतल्या उंचीच्या सुमारे 63 टक्के ठेवा. धूर बाहेर जातो, आच आत राहते.

भट्टी बांधली की लगेच दावत ठेवू नका. आत मुरलेल्या पाण्याची वाफ घुमटाला तडे पाडते. आधी आठवडाभर रोज छोटी आग, हळूहळू वाढवत. एवढा सब्र केलात, तर भट्टी वर्षानुवर्षं टिकेल.