जुनी गाडी आणि नवे टायर

घरांतील जुनी वस्तु टाकून देण्यापूर्वी तिचा आणखी कांहीं उपयोग होतो कीं काय, हें पाहण्याची आपल्या घराण्यांतून पूर्वापार चाल आहे. जुन्या धोतराचें फडकें होतें, जुन्या लुगड्याची गोधडी होते, आणि पितळेचा फुटका तांब्या मोडींत घातल्यावांचून गृहिणीस चैन पडत नाहीं. आम्हीही याच शिस्तींत वाढलों आणि शाळेंत मुलांना हाच धडा देत आलों. परंतु प्रत्येक उत्सर्गास अपवाद असतो, हें जन्मभर व्याकरण शिकविणाऱ्या मास्तरास तरी कोणीं सांगावयास नको होतें. तो अपवाद आम्हांस साठी उलटल्यावर, आणि तोही परमुलखांत, एका मोटारीच्या चाकानें शिकविला. ती हकीकत व तिच्या अनुषंगानें आम्हीं जी माहिती मिळविली ती वाचकांच्या उपयोगी पडेल, म्हणून येथें देत आहों.

आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा इंग्लंडांत ऑक्सफर्डच्या बाजूस राहतो. सौ. व आम्ही त्याच्याकडे एक उन्हाळा राहिलों होतों. त्याला जुन्या मोटारींचा नाद आहे आणि त्या नादापायीं त्यानें १९७१ सालची ‘एमजीबी जीटी’ ही गाडी घेतली आहे. ऑक्सफर्डजवळच्याच ॲबिंग्डन गांवीं १९६२ पासून १९८० पर्यंत एमजीबी गाड्या तयार होत असत. त्यांपैकीं टपाची जीटी ही १९६५ सालीं निघाली. पुढें दोघांची जागा, मागें एकादें मूल कसेंबसें बसेल एवढें बांकडें, आणि चाकांना सायकलीसारखे तारांचे आरे, असें तिचें रूप. आधींच्या मालकाच्या गराजांत ती कित्येक वर्षें नुसती उभी होती, त्यामुळें रंग व गाद्या नव्यासारख्या राहिल्या होत्या.

सूनबाईंच्या मनांत मात्र एक शंका होती. “काका, या गाडीचे टायर कधींचे आहेत कोण जाणे. ते बदलल्याशिवाय मी मुलीला मागें बसूं देणार नाहीं,” असें तिनें आम्हांस एके दिवशीं सांगितलें. पुतण्यानें निवाड्यासाठीं आम्हांसच गाडीपाशीं नेलें. आम्हीं टायरांच्या खांचेंत अंगठा घालून पाहिला. नक्षी खोल होती, कोठें झिजल्याचें चिन्ह नव्हतें. लगेच आम्हीं बोलून गेलों, “अरे, ही नक्षी तर कालच काढल्यासारखी आहे. चार टायरांचे पैसे उगीच कां घालवितोस?” वडीलधाऱ्याचा शब्द पडला, सूनबाई गप्प बसली.

पुढच्याच रविवारीं पाऊस भुरभुरत असतां आम्ही तिघें फिरावयास निघालों. पुतण्या हांकीत होता, आम्ही शेजारीं, आणि आठ वर्षांची नात मागच्या बांकड्यावर. एका गोल चौकांत वळतांना वेग कांहीं फार नव्हता. परंतु गाडीची मागची बाजू, ओल्या फरशीवरून पाट सरकावा तशी, एकाएकीं बाहेर गेली. पुतण्यानें चाक फिरविलें तें फुकट गेलें. गाडी कडेचा दगड ओलांडून गवतांत गेली आणि आलों त्या दिशेस तोंड करून उभी राहिली. समोरून त्या क्षणीं कोणी आलें नाहीं, हीच ईश्वरी कृपा. कोणास खरचटलेंही नाहीं. मागून नात म्हणाली, “आजोबा, आपण घरीं परत चाललों का?” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. घरीं आल्यावर सूनबाईनें सर्व ऐकून घेतलें, मुलीला जवळ घेतलें आणि आम्हांस चहा करून दिला. एक शब्द बोलली नाहीं. बोलली असती तर बरें झालें असतें.

त्या संध्याकाळीं पुतण्या बॅटरी घेऊन गाडीखालीं शिरला. टायरच्या कुशीवर ‘डॉट’ या तीन इंग्रजी अक्षरांपुढें एक संकेत छापलेला असतो. त्यांतील शेवटचे चार अंक म्हणजे टायरची जन्मतिथि. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. पुष्कळदां हे चार अंक एकाच कुशीवर असतात आणि ती कूस आंतल्या बाजूस गेली असेल तर बाहेरून दिसतच नाहींत. तसेंच येथें झालें होतें. आंतून त्यानें अंक वाचले : ३४०६. म्हणजे २००६ सालचा चौतिसावा आठवडा! ज्या मुलीस आम्हीं त्या टायरांवर बसविलें, तिच्या आईबापांचें लग्नही तेव्हां झालें नव्हतें. (ज्या टायरावर तीनच अंक असतील तो २००० सालापूर्वींचा, त्याविषयीं अधिक विचार करण्याचें कारणच नाहीं.)

आमची चूक कोठें झाली? आमचें लहानपण बैलगाड्यांच्या गांवीं गेलें. लांकडी चाकावर लोखंडी धाव चढविण्याचा सोहळा आम्हीं पाहिलेला आहे. लोहार धाव भट्टींत लाल करी, चाकावर ठेवी आणि वर पाणी ओतलें कीं ती आवळून बसे. ती झिजली कीं नाहीं हें डोळ्यांस दिसे. न झिजलेली धाव बापानें मुलास द्यावी. तोच न्याय आम्हीं रबरास लाविला. परंतु रबर हें लोखंड नव्हे. १८३९ सालीं अमेरिकेंत चार्ल्स गुडइयर यानें रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची युक्ति शोधून काढली. गंधकाचे सूक्ष्म दुवे रबराच्या लांब सांखळ्यांस एकमेकींशीं बांधतात आणि म्हणून त्यास ताण सोसतो. पण हवेंतील प्राणवायु व ओझोन त्या सांखळ्यांवर रात्रंदिवस काम करीतच असतात. रबर हळूहळू ताठ होतें, त्याची रस्त्यास चिकटण्याची शक्ति जाते आणि आंतील थरांची पकड सैल होते. ओझोनपासून रक्षण व्हावें म्हणून रबरांत मेण मिसळलेलें असतें; परंतु टायर फिरून दबला-उलगडला तरच तें नीट पृष्ठभागावर येतें. म्हणून नुसत्या उभ्या गाडीच्या टायरास भेगा लवकर पडतात. जी गोष्ट जपून ठेवल्यानें टिकते असें आम्ही समजत होतों, ती जपून ठेवल्यानेंच म्हातारी झाली होती.

ही एकट्यादुकट्याची गोष्ट नव्हे. ३० नोव्हेंबर २०१३ रोजीं कॅलिफोर्नियांत पोर्शे कंपनीच्या ‘कॅरेरा जीटी’ या वेगवान गाडीस अपघात होऊन प्रसिद्ध नट पॉल वॉकर व गाडी हांकणारे त्यांचे स्नेही रॉजर रोडास हे दोघेही मृत्यु पावले. अधिकाऱ्यांनीं चौकशीअंतीं अतिवेग हेंच मुख्य कारण ठरविलें. परंतु त्या गाडीचे टायर नऊ वर्षांहून जुने होते, याचीही नोंद त्यांनीं केली. ब्रिटनमध्यें १ फेब्रुवारी २०२१ पासून मोठ्या लॉऱ्या व बसगाड्यांच्या पुढच्या चाकांवर दहा वर्षांहून जुना टायर वापरण्यास बंदी झाली. खाजगी मोटारीस तो कायदा लागू नाहीं. पण टायर करणारे कित्येक कारखानदार स्वतःच सांगतात कीं, पांच वर्षांनंतर टायर दरसाल जाणत्याकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर, नक्षी कितीही शाबूत असो, तो काढून टाकावा.

आतां नवे टायर कोणते घ्यावे, हा प्रश्न आला. पुतण्याच्या मनांत रुंद, बुटके, आजकालच्या तऱ्हेचे टायर होते. त्यांनीं गाडीची पकड वाढेल व रूपही खुलेल, असें त्याचें म्हणणें. आम्ही या खेपेस तोंड मिटून बसलों आणि ज्या वृद्ध कारागिरानें असल्याच गाड्यांत हयात घालविली, त्याच्याकडे दोघेही गेलों. त्यानें जें सांगितलें तें असें.

त्या गाडीचें रूढ माप ‘१६५ आर १४’. यांत १६५ ही टायरची रुंदी मिलिमीटरांत, आणि १४ हा चाकाच्या कड्याचा व्यास इंचांत. ‘आर’ म्हणजे रेडियल. अर्थात् टायरच्या आंतील दोरे आडवेतिडवे न जातां एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ गेलेले. ही पद्धति फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीनें १९४६ सालीं नोंदविली व १९४९ सालीं बाजारांत आणली. आडव्या दोऱ्यांचे जुने टायर व रेडियल यांची एका गाडीवर सरमिसळ करूं नये. रुंदीपुढें दुसरा आंकडा असेल तर तो उंचीचें रुंदीशीं शेंकडा प्रमाण दाखवितो. नसेल तर तें सुमारें ऐशीं धरावें. या हिशेबानें आमच्या टायराचा एकूण व्यास सुमारें ६२० मिलिमीटर होतो. पुतण्याच्या मनांतील १८५/६५ आर १४ या टायराचा होतो ५९६. म्हणजे वेगाचा कांटा साठ मैल दाखवील तेव्हां गाडी अठ्ठावन्नाच्या आंतच असेल. त्यांतून १८५ रुंदीचा टायर तारांच्या चाकावर बसविला तर मागच्या बाजूस पत्र्यास घांसण्याचा संभव. तारांवर ताण अधिक. आणि या गाडीच्या सुकाणूस यंत्राची मदत नसल्यामुळें जागच्या जागीं वळवितांना हात भरून येणार तो वेगळाच.

“आणि आणखी एक गोष्ट,” तो कारागीर म्हणाला. “ही गाडी अरुंद टायरांसाठीं बांधलेली आहे. तशा टायरांवर ती निसटण्यापूर्वीं हांकणाऱ्यास हळूहळू कळवीत जाते. रुंद टायर धरून ठेवतो खरा, पण सोडतो तेव्हां एकदम सोडतो.” हें ऐकतांना पुतण्यानें आमच्याकडे पाहिलें.

पुढें ‘८४ टी’ असें चिन्ह होतें. ८४ या अंकाचा टायर ५०० किलो भार सोसतो. चार टायर मिळून दोन हजार, आणि गाडी तर रिकामी असतां हजार-अकराशें किलोंची. ‘टी’ म्हणजे ताशीं १९० किलोमीटरांपर्यंत योग्य. या गाडीची धांव त्याच्या आंतच संपते. त्याहून वरच्या अक्षरासाठीं पैसे मोजणें म्हणजे टांग्यास चार घोडे जुंपणें. तारांच्या चाकांत आरे कड्यांतून आरपार गेलेले असतात, हवा कोंडून राहत नाहीं; म्हणून टायराबरोबर ट्यूबही नवी व त्याच मापाची घ्यावी. जुन्या गाड्यांसाठीं मिशेलिन, पिरेली इत्यादि कंपन्या जुन्याच मापाचे व वळणाचे टायर आजही नव्यानें तयार करितात. ते साध्या टायरांहून महाग पडतात, पण रूप गाडीस शोभतें आणि रबर ताजें असतें. साधा, नांवाजलेल्या कंपनीचा, त्याच मापाचा टायर मिळाला तरी कामास उणा पडत नाहीं. मात्र दुकानदाराच्या माळ्यावर पडून राहिलेला माल गळ्यांत पडूं नये म्हणून पैसे देण्यापूर्वीं ते चार अंक वाचावे. शक्य तों चारही टायर एकदम बदलावे. दोनच घेणें झालें तर नवे मागें लावावे, कारण गाडी फिरते ती मागची चाकें सुटल्यामुळें. पहिले शंभर मैल बेतानें हांकावी. आणि जादा चाकास विसरूं नये. न वापरलेलें म्हणून तेंच सर्वांत जुनें असतें.

त्याच मापाचे पांच टायर आले. पैसे आम्हीं देऊं केले, तेव्हां पुतण्या म्हणाला, “काका, हें काय?” आम्हीं म्हटलें, “ही भेट नव्हे. हा दंड आहे.” त्यानें अर्धे घेतले. जुन्या टायरांचा बागेंत झोंपाळा करावा असें आमच्या ओठांवर आलें होतें, तें आम्हीं गिळलें. नंतरच्या रविवारीं पुन्हां पाऊस होता. सूनबाईनें खालीं वांकून स्वतः एकेका टायराचे अंक वाचले, आणि मग मुलीस मागें बसविलें. त्या चौकांतून गाडी मुकाट्यानें वळून गेली.

आपल्याकडे खेळाच्या जुन्या गाड्या थोड्या. परंतु कुर्ल्यास तयार झालेली आजोबांची प्रीमियर पद्मिनी, किंवा ताडपत्रीखालीं झांकलेली वडिलांची स्कूटर, हीं अजून पुष्कळ घरांत माया म्हणून जतन केलेलीं आढळतात. तीं अवश्य जतन करावीं. फक्त सणासुदीस मुलांबाळांस घेऊन तीं रस्त्यावर काढण्यापूर्वीं एकदां खालीं वांकून टायराची कूस पाहावी. नक्षी पाहून निवाडा देऊं नये. तसा निवाडा आम्हीं एकदां दिलेला आहे.