एका जिल्ह्याचे दोन पावसाळे

२२ जुलै २०२१. त्या दिवशी सकाळी साडेआठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंत महाबळेश्वरच्या पर्जन्यमापकात ५९४ मिलिमीटर पाऊस जमा झाला. त्याच रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे या गावांवर डोंगर खचून आला आणि माणसं झोपेत गाडली गेली. याच सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला माण तालुका आहे. तिथं वर्षभरात सरासरी साडेचारशे ते पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. माणच्या शेतकऱ्याला अख्ख्या सालात जेवढा पाऊस मिळत नाही, तेवढा महाबळेश्वरावर एका दिवसात कोसळला. महाबळेश्वर ते माणमधलं दहिवडी हे अंतर नकाशावर सरळ रेघ ओढली तर जेमतेम शंभर किलोमीटर भरतं.

हे कसं घडतं, ते समजून घ्यायला सह्याद्रीची भिंत डोळ्यांसमोर आणावी लागते. अरबी समुद्रावरून आलेला नैर्ऋत्येचा वारा कोकणाची पट्टी ओलांडून या भिंतीवर आदळतो आणि त्याला वर चढण्यावाचून वाट राहत नाही. थोडक्या अंतरात तो हजार-बाराशे मीटर उंच जातो, थंड होतो आणि त्यातली वाफ पाणी होऊन घाटमाथ्यावर रिकामी होते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो तो यामुळे. भिंत ओलांडली की वारा खाली उतरतो. उतरताना हवा दाबली जाते आणि तापते, ढग विरतात. म्हणून वीस किलोमीटरवरच्या पाचगणीत पाऊस एक तृतीयांशाच्या आसपास येतो आणि घाट उतरून वाईत आलं की तो हजार मिलिमीटरच्याही आत असतो. पुढं कोरेगाव, खटाव, माण असं पूर्वेला जावं तसं शिवाराचा रंग बदलत जातो. भात संपतो, ऊस फक्त कालव्याच्या काठी उरतो आणि मग बाजरी, मटकी, हुलगा सुरू होतो.

माणमधला जुलै ज्यांनी पाहिला नाही, त्यांना हा पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणजे निरभ्र आभाळ वाटेल. तसं नाही. आभाळ रोज भरून येतं. पश्चिमेचा वारा इतका घोंघावतो की बाजरीची कोवळी रोपं जमिनीला टेकतात. ढग डोक्यावरून पूर्वेला पळत राहतात. मधूनच भुरभुर येते, धुळीवर ठिपके उठतात, पाच मिनिटांत ते सुकतातही. हवामान खात्याच्या हिशोबात दिवसाला किमान अडीच मिलिमीटर पाऊस झाला तरच तो ‘पावसाचा दिवस’ धरतात. अशी भुरभुर त्यात मोजलीही जात नाही. 

माणचा खरा पावसाळा सप्टेंबरात असतो. तोवर नैर्ऋत्येचा जोर ओसरलेला असतो, ऊन तापवून जमिनीवरची हवा वर उठवतं आणि बंगालच्या उपसागराकडची ओल पूर्वेच्या वाऱ्याबरोबर आत येते. दुपारपर्यंत लख्ख ऊन, चारच्या सुमारास शंभू महादेवाच्या डोंगररांगेवर काळं आभाळ आणि मग विजांसह तासाभराचं धो-धो पाणी. घाटमाथ्यावर मृगाकडं डोळे लागलेले असतात, तर माणमध्ये उत्तरा आणि हस्ताकडं. हस्ताच्या पावसाला इथं ‘हत्ती’ म्हणतात. तो पडला तर काळ्या रानात ओल धरते आणि त्या ओलीवर मालदांडी ज्वारी पुढं थंडीत पाण्याविना उभी राहते. भाकरी आणि कडबा, म्हणजे माणसाचं आणि जनावराचं वर्ष या एका नक्षत्रावर ठरतं. तो चुकला तर पुढच्या जूनपर्यंत दुसरी संधी नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त गाव ओस पडतं ते अशाच दुष्काळानं, आणि मेंढरांमागं घराबाहेर पडणं हे इथल्या धनगरांना आजही चुकलेलं नाही.

हिवाळा दोन्हीकडं कोरडा असला तरी सारखा नाही. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या काठी डिसेंबर-जानेवारीत पहाटे गवतावर पांढरा थर दिसतो, स्ट्रॉबेरीच्या पानांवर दव गोठतं. त्याच दिवशी अधिकृत तापमान मात्र चार-पाच अंशांच्या वर असू शकतं, कारण तापमापक जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, लाकडी पेटीत असतो. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता सोडून देते आणि जड झालेली गार हवा उतारावरून तलावाच्या खोलगटात साचते. पिकाला जी थंडी लागते ती तिथली.

जिल्ह्याचा पाऊस ‘सरासरीच्या इतके टक्के’ असा जाहीर होतो, त्याला माझा आक्षेप आहे. महाबळेश्वर, जावळी, पाटण यांचं पाणी माण, खटाव, फलटणच्या कोरड्यात मिसळून जो आकडा निघतो, तो जिल्ह्यातल्या एकाही शिवारात पडलेला नसतो. अतिवृष्टीचा निकषच पाहा. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की ती अतिवृष्टी. महाबळेश्वरची जुलैतली रोजची सरासरीच जवळपास तेवढी भरते. माणमध्ये मात्र एवढा पाऊस महिन्याभराचा ऐवज असतो. मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रं आली, ही मोठी गोष्ट झाली. पण एका मंडळातही डोंगराच्या अलीकडे पाऊस आणि पलीकडे धूळ असते आणि हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई त्या एका केंद्राच्या नोंदीवर ठरते. शिवाय पाऊस किती पडला याइतकंच तो केव्हा पडला हेही महत्त्वाचं. २०२५ साली मान्सून २६ मे रोजीच मुंबईत पोचला आणि त्याच सुमारास माण-फलटणच्या दुष्काळी पट्ट्यात रोहिणीतच ओढे भरून वाहिले. कागदावर ते भरघोस साल. पण रानाची मशागत राहिलेली असताना आलेलं ते पाणी पेरणीच्या कामी आलं नाही.

या विषमतेत निसर्गाचा वाटा आहे तसा माणसाच्या निर्णयांचाही आहे. १०५ टीएमसीच्या कोयना धरणातून वीजनिर्मितीसाठी वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी पाणी पश्चिमेला वळवण्याची मुभा कृष्णा पाणी तंटा लवादानं दिली आहे. ते वाशिष्ठीतून समुद्राला जातं. विजेची गरज खरी आहे, तो निवाडा मोडा असं मी म्हणत नाही. पण पूर्वेला पाणी चढवायचा प्रश्न आला की वीजबिलाचा खर्च पुढं केला जातो, हे खटकतं. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेच्या पुरात सांगली बुडाली होती, तेव्हा माणच्या चारा छावण्यांत जनावरं अजून दावणीला उभी होती. उरमोडी आणि जिहे-कठापूर या उपसा सिंचन योजनांचं पाणी आता माण-खटावच्या तलावांपर्यंत येऊ लागलं आहे. कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावानं २०१६ साली श्रमदानानं पाणलोटाची कामं करून पहिली ‘वॉटर कप’ स्पर्धा जिंकली. पूर्वेकडची गावं आपल्या वाट्याचा पाऊस जिरवायला तयार आहेत, हे त्यातून दिसलं. उरलं ते वेळापत्रकाचं काम. पंपांचं आवर्तन उन्हाळ्यातल्या टंचाईसाठी राखून न ठेवता जुलै-ऑगस्टात, कृष्णेला पूर असतानाच सुरू करावं आणि त्या दोन महिन्यांचं वीजबिल पूरनियंत्रणाच्या खर्चात धरावं. माणमधलं आंधळीचं धरण तेव्हा भरलं, तर हस्त कोरडा गेला तरी ज्वारीला एक पाणी देता येईल.